डिझेलची गाडी की विजेची? आधी वहीला विचारा

घोडेगाव हे नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे व्यापारी गाव. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यामुळे येथे टेम्पोंची वर्दळ असते. कापड, गाद्या, कपाटे, बेकरीचा माल असा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे छोटी मालगाडी आहे, किंवा ती घेण्याचा विचार चालू आहे. अलीकडे दुकानात बसले की एकच प्रश्न कानावर येतो, "डिझेल घ्यावी की बॅटरीवाली?" प्रस्तुत लेखात हे उत्तर हिशेबाने कसे काढावे ते पाहू.

टाटांची 'एस' ही छोटी डिझेल मालगाडी २००५ साली आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने गावोगाव पोचली. तिचीच विजेवरची गाडी मे २०२२ मध्ये सादर झाली व जानेवारी २०२३ पासून ग्राहकांना मिळू लागली. तिच्याबद्दल कंपनीने दिलेले आकडे असे : बॅटरी २१.३ युनिटची, माल ६०० किलो, एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर. मे २०२४ मध्ये एक टन माल नेणारी गाडी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्रांची 'झिओ' आली. म्हणजे निवडीला आता वाव आहे.

विजेची मालगाडी ही तशी जुनीच गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये घरोघर दूध पोचवणाऱ्या गाड्या गेल्या शतकात अनेक दशके शिशाच्या बॅटरीवर चालत. वेग कमी, पल्ला लहान, तरीही त्या परवडत. कारण रोज पहाटे तोच रस्ता, तीच घरे, परत त्याच आगारात येणे आणि तेथेच चार्जिंग. तेव्हा पहिला धडा हा की गाडीची निवड तिचा रस्ता ठरवतो.

१) पल्ला

कंपनीचा आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतला असतो. भरलेला माल, चढ, खड्डे आणि जुनी होत जाणारी बॅटरी यांनी तो घटतो. मी दोन तृतीयांशच धरतो. १५४ चे झाले सुमारे १००.

घोडेगावाहून नगर पस्तीस किलोमीटरच्या आसपास आहे. कापड बाजारात जाऊन, माल घेऊन परत येणे आणि थोडे इकडेतिकडे फिरणे मिळून ८० किलोमीटर. हे बसते. छत्रपती संभाजीनगरला जाऊन येणे मात्र १६० च्या घरात जाते. जाणे होईल, पण वाटेत किंवा तेथे चार्जिंग केल्याशिवाय येणे होणार नाही. पुण्याला किंवा मालेगावला जाणाऱ्याने डिझेलच धरावे.

वजनाचेही तसेच. पन्नास किलोच्या बारा गोण्या झाल्या की ६०० किलो पुरे झाले. कांदेवाल्याला ही मर्यादा लगेच टोचेल, गादीवाल्याची गाडी वजनाच्या आधी जागेनेच भरेल.

२) किलोमीटरचा खर्च

पुढील दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या पंपाचा आणि आपल्या बिलाचा दर घालावा.

डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर धरली तर किलोमीटरला ५ रुपये पडतात. विजेच्या गाडीला पूर्ण चार्जिंगसाठी, गळती धरून, २४ युनिट लागतात असे समजा. दहा रुपये युनिटने २४० रुपये झाले आणि गाडी १०० किलोमीटर चालली, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. बचत २ रुपये ६० पैसे.

आता दोन वह्या पाहा. आमच्या ओळखीचे एक बेकरीवाले रोज सोनई, शिंगणापूर, नेवासा फाटा करीत ८० किलोमीटर फिरतात. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २,००० किलोमीटर. त्यांची बचत महिन्याला ५,२०० व वर्षाला ६२,४०० रुपये. विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडली तरी पाच वर्षांच्या आत फरक वसूल.

दुसरी वही माझी. विजेच्या गाडीचा मलाही मोह झाला होता. मग एक महिना रोजचे किलोमीटर लिहिले. २६ दिवसांत गाडी फक्त १२ दिवस हलली, एकूण ६९० किलोमीटर. त्यातले ४८० तीन लांबच्या फेऱ्यांत गेले. विजेच्या गाडीला झेपणारे उरले २१०. बचत महिन्याला ५४६ रुपये. या हिशेबाने तीन लाख वसूल व्हायला पंचेचाळीस वर्षे लागतील!

"माझे फिरणे थोडे, म्हणून मला विजेची गाडी बरी" असा आपला समज असतो. वही याच्या उलट सांगते. जिचा पल्ला ठरलेला आहे आणि जी रोज धावते, त्याच गाडीत वीज पैसे वाचवते. उभी असलेली गाडी काहीच वाचवत नाही. ज्याचे फिरणे फारच थोडे आहे त्याने भाड्याच्या टेम्पोचाही हिशेब करावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी ज्यांना काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यांचा फिल्टर सतत छोट्या फेऱ्यांनी तुंबतो, हेही ध्यानात ठेवावे.

३) किंमत, कर आणि कर्ज

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. डिझेल मालगाडीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. जो व्यापारी नियमित जीएसटी भरतो, त्याला धंद्याच्या मालगाडीवरील कर वजा करून मिळतो. त्याने दोन्ही किमती कर वगळून ताडून पाहाव्यात. कंपोझिशनवाल्याला ही सवलत नाही, त्याने पूर्ण किंमत धरावी.

आपल्यापैकी पुष्कळांना व्याजाचे कर्ज टाळायचे असते. त्यांच्यासाठी गाडीत तीन लाख जास्त घालणे म्हणजे तेवढा माल कमी भरणे होय. ईद आणि लग्नसराईच्या तोंडावर हाती रोख नसेल तर होणारे नुकसान डिझेलच्या बचतीहून मोठे असते. यावर एक वाट आहे. दोघा-तिघा दुकानदारांनी भागीदारीत एक गाडी घ्यावी. भांडवल वाटले जाते आणि गाडी रोज धावते, म्हणजे वसुलीही लवकर होते. मात्र वार, खर्च आणि वाटा आधीच लिहून, साक्षीदारांसमोर ठरवावा.

४) वीज

घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंगला सहा-सात तास लागतात. रात्री तेवढी अखंड वीज आपल्या गल्लीत असते का, हे महिनाभर पाहावे. मीटरचा भार पुरतो का आणि कोणता दर लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात विचारावे. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे बेकायदा आहे. असली बचत आपल्या हिशेबात धरू नये.

५) सही करण्यापूर्वी

बॅटरीची वॉरंटी किती वर्षे व किती किलोमीटर, हे लेखी घ्यावे. वसुलीची वर्षे वॉरंटीच्या आत बसली पाहिजेत, नाहीतर वाचवलेला पैसा नव्या बॅटरीत जाईल. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल, क्लच यांचा खर्च नाही, पण दुरुस्ती करणारा जवळ कोठे आहे ते पाहावे. डिझेलचा मेकॅनिक फाट्यावरही मिळतो आणि जुन्या डिझेल गाडीला गिऱ्हाईक सहज सापडते.

बेकरीवाल्या बांधवांना मी विजेची गाडी घ्या म्हणून सांगितले. मी माझी जुनी डिझेल ठेवली. दोघांचाही निर्णय बरोबर आहे, कारण दोन्ही वहीतून निघाले आहेत. आपणही आजपासून एक महिना रोजचे किलोमीटर लिहा, आणि मगच शोरूमची पायरी चढा.