भाऊबीजेची अंगतपंगत

प्रश्न : यंदा भाऊबीजेच्या रात्री आमच्या वन बीएचकेत वीस माणसं जेवायला आहेत. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा ठरलंय. गोंधळ कसा टाळू?
— एक वाचक, कांजूरमार्ग (पूर्व)

उत्तर : ताई, ‘काहीतरी घेऊन या’ असं मोघम सांगितलंत, तर चार घरांतून श्रीखंडच येईल! व्हॉट्सॲप ग्रुपवर पदार्थ, प्रमाण आणि आणणाऱ्याचं नाव आजच लिहून टाका.

वाटणी अंतर पाहून करा. डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्यांना आमटी सांगू नका. गर्दीत डबा कलंडला की साडीचं वाटोळं. त्यांच्याकडे सुकी बटाट्याची भाजी, चटणी, लोणचं द्या. रस्सा-आमटी भांडुप-विक्रोळीच्या मंडळींकडे. पुऱ्या आणि मसालेभात तुम्ही घरीच करा, म्हणजे गरम वाढता येतील.

अंदाज असा : माणशी पाच पुऱ्या धरल्या तर पावणेदोन ते दोन किलो कणीक, भाताला सव्वा किलो तांदूळ, श्रीखंड दोन किलो. कोशिंबिरीची काकडी आल्यावर चोचवा. दही-मीठ पान वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. श्रीखंड फ्रिजमध्येच राहू द्या. शेंगदाणे कशात आहेत तेही विचारून ठेवा. कुणाला ॲलर्जी असू शकते.

आधी ओवाळणी, मग दोन पंगती : पहिली मुलांची आणि ज्येष्ठांची. परत न्यायच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायला विसरू नका. अंगतपंगतीतली भांडणं बहुधा झाकणांवरूनच होतात!