शिपायाच्या खिशातले पुस्तक

परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या, त्या काळची गोष्ट. गावाकडचा माणूस पहिल्यांदा मुंबईला आला की गाववाला त्याला सगळे समजावून सांगे. नळाला पाणी केव्हा येते, खानावळीचे पैसे कधी द्यायचे, चाळीत कोणाशी कसे बोलायचे. चार दिवसांत नवखा माणूस सरावत असे. पण लढाईवर गेलेल्या शिपायाचे काय? परक्या मुलखात त्याला गाववाला कुठून मिळणार?

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई बंदरातून फौजेच्या बोटी इराककडे निघाल्या. फौज इंग्रजांची, पण शिपाई बहुतेक आपल्या देशातले. 117 वी मराठा पलटण तीत होती. मागून 103 आणि 110 या मराठा पलटणीही गेल्या. कोकणातली आणि घाटावरची ही शेतकऱ्यांची मुले. इराकची भाषा अरबी.

पण गंमत बघा. अरब माणूस दुकानाला दुक्कान म्हणतो, हिशेबाला हिसाब, वजनाला वज्न, खबरीला खबर! हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन गेले. म्हणजे बाजारापुरती शब्दांची शिदोरी आपल्या शिपायाजवळ घरूनच होती. मात्र शब्द कळले म्हणजे रीत कळली, असे नाही.

रीत किती जड असते, ते इराकातल्या कुत गावी दिसले. डिसेंबर 1915 मध्ये तुर्की फौजेने कुतला वेढा दिला. वर सांगितलेल्या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. धान्य संपत आले. घोडे मारून खायची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. आपल्यातल्या पुष्कळांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, त्याला हात लावला नाही. गावी परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, ही धास्ती! सेनापती टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली. ती आली, तरी पुष्कळ जण एप्रिलपर्यंत तयार झाले नाहीत. माणसे खंगली, आजारी पडली. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले. आपल्याच शिपायाच्या ताटाचा विचार साहेबांनी आधी करायला नको होता का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शहाणपणा केला. इराकला जाणाऱ्या शिपायांसाठी 1943 साली खिशात मावेल अशी पुस्तिका छापली. तीत काय होते? मशिदीपासून लांब राहा. बायकांकडे टक लावून बघू नका. जेवताना उजवा हात वापरा. दार वाजवल्यावर आतून बाईने ओ दिली, तर तिला आड व्हायला वेळ द्या. मुसलमानाला दारू देऊ नका. बाजारात घासाघीस करा. शिवाय अरबी शब्द, उच्चारासकट. सासरी निघालेल्या मुलीला आई जे कानात सांगते, त्यातलेच हे! आपल्या देशात येणाऱ्या शिपायांसाठीही त्यांनी अशी पुस्तिका काढली होती. इराकची पुस्तिका 2007 साली पुन्हा छापली गेली. तेव्हा अमेरिकेचे शिपाई पुन्हा इराकात होते.

पुढे पुस्तकाच्या जागी यंत्र आले. 2001 नंतर अफगाणिस्तानात काही अमेरिकी शिपायांजवळ हातात धरायचे बोलके यंत्र होते. शिपाई ठरलेले वाक्य इंग्रजीत बोले. यंत्र तेच तिथल्या पश्तू भाषेत म्हणून दाखवी. पण समोरचा म्हातारा उत्तर देऊ लागला, की यंत्राची पंचाईत! त्याला बोलता येई, ऐकलेले समजत नसे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवानही जातात. या सेनेच्या शिपायांसाठी दहा नियमांचे छोटे कार्ड आहे. ज्या देशात आहात तिथला कायदा आणि चालीरीती यांचा मान राखा, असा त्यात एक नियम आहे. पण गावागावाची रीत एका कार्डावर कशी मावेल? ती आधी तिथे राहून आलेल्या जवानाने नव्याला सांगावी लागते.

तुमच्या गावात फौजेतून परतलेले कोणी असतील. ते कुठल्या मुलखात होते, तिथे पाहुण्याला काय देतात, काय विचारलेले चालत नाही, हे त्यांना विचारा. ते सांगतील त्यातली चार वाक्ये आपल्या वहीत उतरवा.