कासच्या पठारावरील फुले

सातारा शहराच्या पश्चिमेला, सुमारे २५ किलोमीटरवर, कासचे पठार आहे. उन्हाळ्यात तिथे काय दिसते? नुसता कातळ आणि वाळलेले गवत. पण पाऊस पडला की पठार जागे होते. भाद्रपदात तर जिकडे पाहावे तिकडे फुलेच फुले!

चला, आपण पायवाटेने जाऊ. ही पांढरी गोल बोंडे गेंदाची. गुलाबी तो तेरडा. पिवळी ती सोनकी. आणि ही इवलीशी जांभळी फुले म्हणजे सीतेची आसवे.

आता हा दवबिंदू बघा. याच्या पानांवर चिकट थेंब चकाकतात. किडा त्यावर बसला की अडकलाच! मग पान त्याला हळूहळू जिरवते.

झाड किडे खाते, नवल आहे ना? पण त्याला कारण आहे. खाली सगळा जांभा खडक. वर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाने तिच्यातला कस वाहून जातो. मग झाड किड्यांतून कस मिळवते.

डोंगरउताराची कारवी तर आपल्या ओळखीची. तिच्या काठ्यांचा आपण कूड करतो. ती सात वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते.

उघड्या माळावर टिटवी अंडी घालते. ती दगडांसारखीच दिसतात. म्हणून वाट सोडू नये, बरं का!

२०१२ साली युनेस्को या संस्थेने पश्चिम घाटातील ३९ जागांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत कास आहे. लांबलांबून माणसे फुले पाहायला येतात. आसपासच्या गावांतील लोकांना वाटाड्याचे, राखणीचे काम मिळते. फुले आहेत, म्हणून काम आहे.

पण पायांखाली बोटभर माती दबली, की तिच्यात बी नीट रुजत नाही. फूल तोडले, की पुढच्या वर्षाचे बी गेले.

आपण शेतकरी माणसे. कितीही ओढगस्त आली तरी बियाणे मोडून खात नाही. रानातले फूल हेही बियाणेच आहे. ते रानाचे आहे, एवढेच. आपल्या गावच्या माळावरही अशी फुले येतात. ती पाहावी, मुलांना नावे सांगावी आणि जागच्या जागी राहू द्यावी.

सांगा पाहू :
१. दवबिंदू किडे का खातो?
२. कारवी किती वर्षांनी फुलते?
३. तुमच्या माळावर पावसाळ्यात कोणती फुले येतात? त्यांची नावे लिहा.