दहा दिवसांचं शिबीर

वैशाख लागला की आपल्या भिवंडी तालुक्यात दोन कामांची घाई असते. एक लग्नं आणि दुसरं शेताची तयारी. शाळा बंद असतात. पोरं करवंदं तोडतात, ओढ्यात डुंबतात. कुणी आईबापाबरोबर वीटभट्टीवर राहतात. अशाच दिवसांत कधी मास्तर घरी येतात आणि म्हणतात, "पोराला शिबिराला पाठवा."

शिबीर म्हणजे काय? शिबीर म्हणजे मुक्काम, छावणी. पूर्वी फौजा जिथं उतरत त्याला शिबीर म्हणत. मुलांचं शिबीर ही अलीकडची गोष्ट आहे. १९०७ साली इंग्लंडात बेडन-पॉवेल नावाच्या एका लष्करी माणसानं सुमारे २० मुलं एका बेटावर नेली. त्यात श्रीमंतांची मुलं होती, कामकऱ्यांचीही होती. ती तंबूत राहिली, एकत्र जेवली, एकत्र खेळली. त्यातून पुढं बालवीरांची, म्हणजे स्काउटची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं. एस. एम. जोशी त्याचे प्रमुख होते. साने गुरुजींचा या दलावर फार जीव. सगळ्या जातींची मुलंमुली तिथं बरोबर बसत, बरोबर जेवत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली गुरुजींना उपोषण करावं लागलं, यावरून ओळखा.

पण हे सगळं मला मोठेपणी कळलं. १९९६ साली मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की मला शिबिराला जायचं नाही.

आईनं भाकरी बांधून दिली. सुकटीची चटणी दिली. थाळी, पेला, चादर आणि दोन कपडे पिशवीत भरले. म्हणाली, "धा दिस तर हायेत. बघता बघता जातील." बाबांनी नेऊन सोडलं. शिबीर होतं अंबाडी नाक्यापासून कोसभर, एका शाळेत.

दिवसा बरं वाटायचं. खेळ होते, गाणी होती. पण दिवेलागण झाली की पोटात कालवायचं. आई आता चूल पेटवत असेल, गोठ्यात म्हैस हंबरत असेल, असं मनात यायचं. मी चादर तोंडावर घेऊन रडायचो. पोरं हसायची. तिथले एक दादा सगळ्यांसमोर मला "रडूबाई" म्हणाले. तिसऱ्या रात्री मी उठलो आणि अंधारात चालत सुटलो. अंबाडी नाक्यावर येऊन एस. टी.ची वाट बघत बसलो. एस. टी. सकाळी यायची होती. तिथल्या चहावाल्या आजीनं मला पाहिलं. काही विचारलं नाही. चहा दिला, गोणपाटावर निजवलं आणि सकाळी निरोप धाडला. बाबा येऊन घेऊन गेले. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

शिबिरात मात्र मी नाही हे सकाळपर्यंत कुणाला कळलंच नव्हतं. मंडळी, ही गोष्ट मी आज बाप झाल्यावर आठवतो तेव्हा अंगावर काटा येतो.

पुढं मी भिवंडीत यंत्रमागावर लागलो. बारा तासांची पाळी. शिकायचं होतं, पण फीला पैसे नव्हते. २००७ सालच्या एप्रिलात एका ओळखीच्या मास्तरांनी विचारलं, "मुलांच्या शिबिरात मदतनीस पाहिजे. दहा दिवसांचे पंधराशे रुपये आणि जेवण. येतोस?" जागा विचारली. पुन्हा तीच, अंबाडीकडची बाजू! पोटात तसंच कालवलं. एकवीस वर्षांचा घोडा मी, पण दोन दिवस उत्तर दिलं नाही. शेवटी फीची तारीख जवळ आली, म्हणून हो म्हटलं.

काम काही अवघड नव्हतं, पण डोळे उघडे ठेवावे लागत. मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत उरकायचे. दुपारी सावलीत बसायचं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचं औषध टाकलं की अर्धा तास थांबायचं, मगच प्यायला द्यायचं. कुणाला जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजायचं. चमचा चहाचा, बरं का. चपला झटकून घालायच्या, विंचू असतो. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. मुलींच्या खोलीजवळ दोन ताई निजत. आणि डोकी मोजायची. जेवताना मोजायची, नदीवरून आल्यावर मोजायची, रात्री निजल्यावर कंदील घेऊन पुन्हा मोजायची. हे शेवटचं मोजणं मी मागून घेतलं होतं.

दुसऱ्या रात्री मोजताना एक पोरगा टक्क जागा दिसला. आठ-नऊ वर्षांचा, भिवंडी शहरातला. रडत नव्हता. नुसता वासे बघत पडला होता. मी जवळ बसलो.

"आई आठवते?"

"नाही."

"भीती वाटते?"

"नाही. इथं आवाजच नाही."

मला आधी उमगलं नाही. मग त्याचं घर विचारलं. घराची भिंत आणि मागांच्या कारखान्याची भिंत एकच! जन्मल्यापासून तो त्या खटखटीत निजलेला. आमच्या खोलीवरही तसंच होतं. तेव्हा भारनियमन फार होतं. वीज गेली की माग थांबत आणि एकदम शांत होई. त्या शांततेनंच आम्ही दचकून जागे व्हायचो.

मी त्याची थाळी पालथी घातली आणि बोटांनी हळूहळू मागाचा ठेका धरला. धोटा इकडून तिकडे जातो तसा. खट-खटाखट, खट-खटाखट. पाच मिनिटांत पोरगा घोरायला लागला. शेजारचा एक मात्र जागा झाला आणि माझ्यावर वैतागला!

दुसऱ्या एका पोराचं मात्र जमलं नाही. तो पडघ्याकडचा. तीन दिवस नीट जेवला नाही. त्याला खेळात घेतलं, घंटा वाजवायचं काम दिलं, गोष्टी सांगितल्या. पोरगा सगळं मुकाट्यानं करायचा आणि संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी मी प्रमुखांना म्हटलं, याला घरी पोचवू. ते म्हणाले, "एकाला सोडलं तर उद्या दहा जण पिशव्या भरतील." त्यांचंही खोटं नव्हतं. शिस्त त्यांनाच सांभाळायची होती. काही मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी रुळतात, हेही मी पाहिलेलं आहे. पण जे पोर जेवत नाही, त्याच्या बाबतीत वाट बघू नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे. मी म्हटलं, "हा रात्री पळाला तर? उजेडात मी नेतो. माझा एक दिवसाचा पगार कापा." त्यांनी थोडा विचार केला. त्याच्या बापाला फोन लावला आणि मला जायला सांगितलं. पगार कापला नाही. आणि मागाहून पिशवी कुणीच भरली नाही.

म्हणून तुमच्या दारी कुणी शिबिराचं विचारायला आलं, तर बेलाशक चार गोष्टी विचारा. रात्री मुलं कोण मोजतं? मुलींपाशी बाई माणूस कोण आहे? दवाखाना किती लांब? आणि पोर रडलं तर आम्हाला कळवणार की नाही? विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला असल्या प्रश्नाचा राग येत नाही.

तर मी आणि तो पोरगा अंबाडी नाक्यावर आलो. आजीची टपरी तिथं नव्हती. तिच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. आम्ही पलीकडच्या हॉटेलात चहा घेतला. त्याला पाव दिला, तो त्यानं खाल्ला. बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "दादा, मला सगळे भित्रा म्हणतील."

मी म्हटलं, "मीही पळालो होतो. तुझ्याएवढा होतो. रात्रीचा इथंच येऊन बसलो होतो."

त्यानं मान वर केली. "खरं?"

"खरं."

"मग परत कशाला आलात?"

"पैसे देतात," मी म्हटलं.

चार दिवसांत पहिल्यांदाच तो खदाखदा हसला. तेवढ्यात भिवंडीची गाडी आली.