शब्दाभ्यास : पाळत व पाळक

‘अमक्यानें तमक्यावर पाळत ठेविली’ असें आपण गांवांत वारंवार ऐकतों. कोणी कोठें जातो, कोणाशीं बोलतो, हें त्यास न कळूं देतां पाहत राहणें, हा ‘पाळत’ या शब्दाचा अर्थ होय. हा शब्द कोठून आला, याचा आज आम्ही विचार करूं इच्छितों. कारण त्यांत आपल्या मंडळ्यांस उपयोगी असा धडा आहे.

‘पाळत’ हा शब्द ‘पाळणें’ यापासून झाला असून, त्याचें मूळ संस्कृत ‘पाल्’, म्हणजे रक्षण करणें, हें आहे. ‘मेंढपाळ’ व मंडळीचा ‘पाळक’ हे शब्दहि त्याच मुळाचे. एक जण कळप राखावयास पाहतो. दुसरा दोष धरावयास पाहतो.

शास्त्राच्या मूळ भाषांतहि असेंच आढळतें. इब्री भाषेंत ‘शामर’ म्हणजे राखणें. स्तोत्र १२१ यांत परमेश्वर आपला रक्षक आहे असें सांगितलें आहे, तेथें हाच धातु आहे. आणि स्तोत्र ५६:६ यांत वैरी पावलांवर टपून असतात, तेथेंहि हाच. ग्रीक भाषेंत मंडळीचा अध्यक्ष तो ‘एपिस्कोपस’ (१ तीमथ्य ३:२), व राहाबेनें घरांत घेतलेले हेर ते ‘कातास्कोपस’ (इब्री ११:३१). दोहोंचें मूळ पाहणें हेंच. तेव्हां भेद डोळ्यांत नसून अंतःकरणांत आहे.

प्रभूवरहि पाळत ठेविली गेली. तो शब्बाथ दिवशीं वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरें करितो कीं काय, हें कित्येक टपून पाहत होते (मार्क ३:१-६). त्यांस प्रभूचा दोष पाहिजे होता; जवळ बसलेल्या मनुष्याचें दुःख त्यांस दिसलें नाहीं. प्रभूनें मात्र त्यासच मध्यें उभें केलें व बरें केलें.

आतां आपली गोष्ट घ्या. नवा बाप्तिस्मा घेतलेला एक भाऊ आदितवारीं उपासनेस आला नाहीं. तो जत्रेस गेला काय, हें शेजाऱ्यांकडून गुपचूप काढून चार जणांत सांगणें, ही पाळत. सायंकाळीं त्याच्या घरीं जाऊन, “भाऊ, आज तुम्ही दिसलां नाहीं, घरीं कोणी आजारी आहे काय?” असें विचारणें, हें पाळकाचें काम. तो खरोखर चुकला असला, तरी प्रथम एकांतीं त्याच्याशीं बोलावें (मत्तय १८:१५) व सौम्यतेनें त्यास ताळ्यावर आणावें (गलती ६:१), अशी आपणांस आज्ञा आहे.

उपदेशक बंधूंनो, काइनानें भावाचें राखणें आपल्याकडे नाहीं असें भासविलें (उत्पत्ति ४:९). तेथेंहि ‘शामर’ हाच शब्द आहे. आपण तसें म्हणूं शकत नाहीं. म्हणून प्रत्येकानें आपणांस विचारावें : ज्याच्यावर माझा डोळा आहे, त्याच्या दारीं मी कधीं गेलों काय?