इशारा घरापर्यंत पोहोचावा

दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. एका केंद्राच्या नोंदीवरून साऱ्या शहरास सावध करता येत नाही, हा त्यातील धडा होय. त्यानंतर महानगरपालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रे बसविली. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात उतरत नाही. म्हणून अंदाजासोबत भरतीची वेळही जाहीर केली जाते. मिठी नदी धोक्याच्या पातळीकडे जाऊ लागताच कुर्ल्याच्या क्रांतिनगरातील रहिवाशांना पालिका शाळेत हलविण्यात येते. मात्र कोठे जावयाचे हे ठाऊक नसेल, तर इशारा व्यर्थच. ती वाट पावसाळ्यापूर्वी घरोघरी समजावून देणे, हे शिक्षक व लोकप्रतिनिधी यांचे कर्तव्य आहे.