जादा डेटाचा हिशेब

घरातील साखर किंवा चहाची पूड ऐनवेळी संपली, की शेजारी वाटी घेऊन जाण्याची रीत आपल्या गावांमध्ये जुनीच आहे. अलीकडच्या काळात तशीच आणखी एक हाक घराघरांतून ऐकू येऊ लागली आहे, आणि ती म्हणजे 'नेट संपले'. मग मुलगी वडिलांच्या फोनचा हॉटस्पॉट मागते, शिक्षक सहकाऱ्याकडे पाहतात, किंवा चौकातल्या दुकानातून वीसएक रुपयांचा जादा डेटा घेतला जातो. रक्कम लहान असते. म्हणूनच तिचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही आणि महिन्याकाठी ती किती झाली हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

डेटा हा केवळ करमणुकीचा विषय असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु २०२१ पासून राज्यातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद 'ई-पीक पाहणी'च्या साहाय्याने स्वतःच्या फोनवरून करू लागले. पिकाचे छायाचित्र पाठविल्याखेरीज ती नोंद पुरी होत नाही. त्याच वर्षी अंगणवाड्यांमधील बालकांच्या वजन-उंचीची व आहाराची माहिती 'पोषण ट्रॅकर'वर भरण्यास सुरुवात झाली. शिक्षकांसाठी 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासूनच उपलब्ध आहे. याशिवाय परिपत्रके, बैठकांच्या सूचना, छायाचित्रांसह मागविले जाणारे अहवाल यांची वाटचालही आता टपालाऐवजी फोनवरून होते. दुपारी तीन वाजता एखाद्या अंगणवाडी सेविकेचा दिवसाचा डेटा संपला, तर त्या दिवसाची नोंद तरी राहते, नाहीतर तिच्या पदरचे वीस रुपये तरी जातात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

जादा डेटा घेताना होणारा पहिला घोटाळा शब्दांचा आहे. दुकानात 'टॉप-अप मारा' असे सांगितले जाते. सांगणाऱ्याला डेटा हवा असतो, परंतु नियमांच्या भाषेत टॉप-अप म्हणजे डेटा नव्हे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, २०१२ मध्ये ग्राहक संरक्षणाचे विनियम जारी केले. त्यानुसार टॉप-अप घेतल्यास कर व प्रक्रिया शुल्क वजा जाता उरलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यात रुपयांच्या स्वरूपात जमा होते. डेटा, बोलण्याची मिनिटे किंवा संदेश यांची सवलत देणारे व्हाउचर निराळे असून त्याला 'विशेष दर व्हाउचर' म्हणतात. या व्हाउचरने खात्यात पैसे जमा होत नाहीत. दोन्हींचा मेळ घालणारे 'कॉम्बो व्हाउचर' हा आणखी एक प्रकार आहे.

कागदी व्हाउचरांच्या काळात हा भेद डोळ्यांना दिसावा म्हणून प्रत्येक प्रकारास रंग ठरवून दिलेला होता. टॉप-अपला हिरवा आणि विशेष दर व्हाउचरला पिवळा पट्टा असे. पुढे बहुतेक रिचार्ज फोनवरूनच होऊ लागले, कागद मागे पडला, आणि डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ही रंगांची पद्धत रद्द करण्यात आली. रंग गेले तरी प्रकार कायम आहेत. म्हणून दुकानदाराला 'टॉप-अप' असे न सांगता 'डेटाचे व्हाउचर, एवढ्या जीबीचे, एवढ्या मुदतीचे' असे स्पष्ट सांगणे केव्हाही श्रेयस्कर.

'एक दिवस' म्हणजे किती?

रकमेखालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. किंबहुना जादा डेटाच्या बाबतीत ती रकमेहूनही महत्त्वाची आहे. काही व्हाउचरांची मुदत मूळ पॅकबरोबर चालते. मूळ पॅक आणखी पंधरा दिवस चालू राहणार असेल, तर जादा घेतलेला डेटाही तोवर वापरता येतो. काहींना स्वतःची मुदत असते, कोठे एक दिवस, कोठे दोन, कोठे महिनाभर. यांपैकी 'एक दिवस' हा प्रकार फसवा आहे. पुष्कळ पॅकमध्ये त्याचा अर्थ चोवीस तास असा नसून 'आज रात्री बारापर्यंत' असा असतो. रात्री दहा वाजता मुलाच्या अभ्यासासाठी असा एक जीबी घेतला, तर तो वापरण्यास हाती दोनच तास उरतात. उरलेला डेटा दुसऱ्या दिवसात जमा होत नाही.

दुसरी बाब क्रमाची. रोज ठरावीक डेटा देणाऱ्या पॅकमध्ये तो दिवसाचा वाटा प्रथम खर्च होतो आणि तो संपल्यावर जादा डेटाला हात लागतो, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. दिवसाचा वाटा बहुधा मध्यरात्री नव्याने मिळतो. त्यामुळे रात्री साडेअकरा वाजता 'नेट संपले' म्हणून खरेदी करणाऱ्याने अर्धा तास थांबावे हा सल्ला साधा वाटला, तरी पैसे वाचविणारा आहे.

तिसरी बाब अधिक गंभीर. बहुतेक डेटा व्हाउचरे मूळ पॅक चालू असेल तरच उपयोगी पडतात. मूळ पॅकची मुदत संपलेली असताना केवळ स्वस्त म्हणून डेटाचे व्हाउचर घेतले, तर ना डेटा वापरता येतो ना बोलणे होते. डेटाच्या व्हाउचरने मूळ सेवेची मुदत वाढत नाही, हे ज्येष्ठ नागरिकांना मुद्दाम समजावून सांगण्याची गरज आहे.

मोजमाप

शेतकऱ्याला एकर आणि गुंठा, गृहिणीला शेर आणि पायली जशी अंगवळणी पडलेली होती, तशी जीबी व एमबी ही मापे अद्याप पडलेली नाहीत. १ जीबी म्हणजे ढोबळमानाने १,००० एमबी. फोनमधील एक छायाचित्र मूळ स्वरूपात २ ते ४ एमबी भरते. अक्षरी संदेशांचा खर्च इतका अल्प असतो, की तो जमेस धरण्याचे कारण नाही. सर्वात मोठा खर्च चित्रफितींचा. मध्यम स्पष्टतेची चित्रफीत तासाभरात साधारण अर्धा जीबी घेते, अधिक स्पष्टतेची एक ते दीड जीबी, आणि उच्च स्पष्टता निवडल्यास दोन जीबीही पुरत नाहीत. म्हणजे तीच चित्रफीत, तोच धडा, पण केवळ स्पष्टतेच्या निवडीमुळे खर्चात चौपट फरक पडतो. फोनच्या लहान पडद्यावर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवतही नाही.

दिवसाचा डेटा संपला तरी अनेक पॅकमध्ये सेवा पूर्ण बंद पडत नाही, तिचा वेग मात्र कमी होतो. हा वेग पुष्कळदा ६४ केबीपीएस असतो. येथे एक बारकावा आहे. वेग 'बिट'मध्ये मोजतात आणि साठा 'बाइट'मध्ये, तर ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. या वेगाने अक्षरी संदेश सहज जातो. २ एमबीचे छायाचित्र पाठविण्यास चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. ४० एमबीची धड्याची चित्रफीत उतरवून घ्यावयाची झाल्यास एक तास तेवीस मिनिटे हवीत, आणि तेही रेंज अखंड राहिली तर. तेव्हा केवळ निरोप पाठवावयाचा असेल, तर जादा डेटा घेण्याची गरज नाही. नोंद पाठवावयाची असेल आणि घाई नसेल, तरीही बहुधा नाही.

वीस रुपयांचे महिन्याचे रूप

दर वरचेवर बदलत असतात. जुलै २०२४ मध्ये देशातील तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर वाढविले. त्यामुळे आज छापलेला दर उद्या खरा राहीलच असे नाही. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही. ती समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू.

समजा, एका घरी ३०० रुपयांचा, २८ दिवसांचा, रोज दीड जीबी देणारा पॅक आहे. एकूण डेटा ४२ जीबी, म्हणजे एका जीबीस सुमारे ७ रुपये. आता १ जीबीचे जादा व्हाउचर २० रुपयांना मिळते असे धरल्यास तो डेटा जवळजवळ तिप्पट दराने पडतो. आठवड्यातून तीनदा तो घेतला, तर २८ दिवसांत १२ वेळा, म्हणजे २४० रुपये. याच कंपनीचा रोज २ जीबी देणारा पॅक ३५० रुपयांना असेल, तर ५० रुपये अधिक मोजून १४ जीबी अधिक मिळाले असते. ज्या घरी वर्षातून दोन-चार वेळाच डेटा कमी पडतो, तेथे जादा व्हाउचर हाच शहाणपणाचा मार्ग. जेथे आठवड्याला कमी पडतो, तेथे मूळ पॅकच चुकीचा निवडला गेला आहे असे समजावे.

२८ दिवसांच्या पॅकचीही एक मेख आहे. वर्षात असे १३ पॅक लागतात, १२ नव्हेत. ग्राहकांच्या या तक्रारीची दखल घेऊन ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निरनिराळ्या प्रकारच्या व्हाउचरांमध्ये किमान एकेक ३० दिवसांचे आणि एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारे ठेवावे. असे पॅक उपलब्ध असतात, परंतु विचारल्याखेरीज दुकानात ते क्वचितच पुढे केले जातात.

न वापरता जाणारा डेटा

'आम्ही तर काहीच पाहिले नाही, मग नेट संपले कसे?' ही तक्रार नेहमीची आहे आणि पुष्कळ वेळा ती खरीही असते. गावच्या, शाळेच्या, भावकीच्या आणि कार्यालयाच्या गटांवर येणाऱ्या चित्रफिती फोन आपोआप उतरवून घेतो. ॲप स्वतःहून अद्ययावत होतात. छायाचित्रांच्या प्रती दूरच्या साठ्यात परस्पर जातात. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे हा तर स्वतंत्र लेखाचाच विषय होईल! फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' या सदराखाली कोणत्या ॲपने किती डेटा घेतला हे स्पष्ट दिसते. एकदा ते पाहून चित्रफितींचे आपोआप उतरणे बंद केले आणि ॲपच्या अद्ययावतीकरणासाठी 'केवळ वाय-फायवर' हा पर्याय निवडला, तर अनेक घरांची जादा खरेदी तेथेच थांबेल. मोबाइलची इंटरनेट सेवा काही काळ नकोच असल्यास ती बंद किंवा पुन्हा सुरू करण्यासाठी १९२५ हा निःशुल्क क्रमांक आहे.

कार्यालयांकडे येणारा भाग

वरील काटकसर ग्राहकाच्या हाती आहे. पण जो डेटा कामासाठीच खर्च होतो, त्याचा विचार काम मागविणाऱ्यानेही करावयास हवा. एकाच कार्यक्रमाची दहा छायाचित्रे मूळ आकारात मागविण्याऐवजी दोन, लहान आकाराची मागविता येतात. प्रशिक्षणाची चित्रफीत तालुक्याच्या ठिकाणी वाय-फायवर उतरवून पेनड्राइव्हने शाळांपर्यंत नेता येते. दोन तासांच्या दूरदृश्य बैठकीस प्रत्येक उपस्थिताचा शेकडो एमबी डेटा लागतो. विषय पानभर टिपणात सांगण्याजोगा असेल, तर बैठक टाळण्यास हेही एक कारण पुरेसे आहे.

ग्रामपंचायतींना येथे अधिक वाव आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मंजुरी देण्यात आली. जेथे ही जोडणी चालू आहे, तेथे पंचायत कार्यालयातील वाय-फाय ठरावीक वेळेस अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व विद्यार्थी यांना खुले करण्याचा निर्णय सभेत घेता येण्यासारखा आहे. जेथे जोडणी आली पण बंद पडली, तेथे ती सुरू करून घेण्याचा पाठपुरावा हे सदस्यांचेच काम. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेखाली किराणा दुकानदार किंवा चहावालाही सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. त्यासाठी त्याला परवाना काढावा लागत नाही की शुल्कही भरावे लागत नाही.

तक्रार कोठे करावी

व्हाउचर सुरू झाल्यावर त्याची किंमत व मुदत सांगणारा संदेश फोनवर येतो. तो पुसून टाकू नये. पैसे गेले आणि डेटा मिळाला नाही, तर दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ न दवडता कंपनीच्या १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक अवश्य मागून घ्यावा. तेथे दाद लागली नाही, तर त्याच कंपनीतील अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. अपिलास कोणतेही शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावयास हवा. हा दुसरा टप्पा फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे.

'मोफत रिचार्ज', 'सणानिमित्त तीन महिने फुकट डेटा' असे दुवे गटांवर फिरतात, त्यांच्याशी मात्र या तक्रार यंत्रणेचा संबंध नाही. तो फसवणुकीचा प्रकार आहे. असा दुवा उघडून बँकेतील पैसे गेले असल्यास एक क्षणही न थांबता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार लवकर नोंदली गेली, तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठविता येण्याची शक्यता असते.